सोन्याची वीट मैलभर उडाली कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, मुंबईच्या गोदीत १९४४ साली याच तारखेला झालेल्या स्फोटात आगीशी झुंजताना ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्यासाठी हा दिवस पाळतात, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. पत्रांचा रोख बहुतेक एकच आहे: स्फोटात धातूला एवढा वेग येतो कुठून आणि तो कागदावर काढता येतो का.

माझगावचे एक वाचक लिहितात: आमची आजी सांगायची की गोदीच्या स्फोटात सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरात पडल्या. आम्हाला ती गोष्टच वाटायची. हे खरं आहे का? आणि सोन्यासारखी जड वस्तू एवढ्या लांब जाते तरी कशी?

आजी खरंच सांगत होत्या. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज इंग्लंडातून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकला लागलं, पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, त्यावर कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, आणि एका पोलादी तिजोरीत सोन्याच्या १२४ विटा, ३१ पेट्यांमध्ये चार-चार, एकेक वीट जवळजवळ पावणेतेरा किलोची. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात, यावर काय बोलायचं. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, बंबांनी पाण्याचा मारा केला पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. हादरा पार शिमल्याच्या वेधशाळेत भूकंपमापकावर नोंदला गेला, म्हणजे सरळ रेषेत जवळजवळ १४०० किलोमीटरवर. त्यातलीच एक वीट साधारण मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घराच्या गॅलरीत येऊन पडली, त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. गोदीचा गाळ काढताना पुढे १९७० च्या दशकापर्यंत अधूनमधून विटा सापडत होत्या.

आता हिशेब करू, अकरावीच्या फिजिक्सवर होतो. मैल म्हणजे १६०० मीटर. हवा नाहीच असं धरा आणि वीट ४५ अंशात उडाली असं धरा, म्हणजे कमीत कमी वेगात जास्तीत जास्त लांब. ९.८ गुणिले १६०० आणि त्याचं वर्गमूळ काढा, उत्तर येतं सेकंदाला १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर. वीट हवेत साधारण १८ सेकंद होती. हवा धरली तर सुरुवातीचा वेग याहून थोडा जास्त लागणार.

हा वेग द्यायला ऊर्जा किती लागली? वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, जवळपास एक लाख ज्यूल. ऐकायला मोठा आकडा, पण टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोमध्ये साधारण ४२ लाख ज्यूल धरतात, म्हणजे ती वीट मैलभर फेकायला २४ ग्रॅमची ऊर्जा पुरली. जहाजात दारूगोळाच होता १४०० टन! मला या गणितातली हीच गोष्ट कायम हलवून जाते. स्फोटाच्या एकूण ऊर्जेतला कणभर वाटा एखाद्या धातूच्या तुकड्याला मिळाला तरी तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो.

आणि जड आहे म्हणून लांब जाणार नाही ही समजूत उलटी आहे बरं का. थर्माकोलचा गोळा आणि तेवढीच गोटी जीव खाऊन फेकून बघा, थर्माकोल चार पावलांवर पडतो. हवा अडवते ती आकाराला, आणि त्या आकारामागे वजन जितकं जास्त तितकी हवेची अडवणूक कमी पडते. सोनं लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट घन, त्यामुळे एकदा वेग मिळाला की ते तो सोडत नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ ला मों-ब्लां जहाज फुटलं तेव्हा त्याच्या नांगराचा अर्ध्या टनाहून जड दांडा तीन किलोमीटरच्या पुढे जाऊन पडला होता. वरचंच सूत्र लावा, वेग सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या घरात येतो.

नाशिकचा अकरावीतला एक मित्र विचारतो: हे झालं उलटं गणित, वस्तू कुठे पडली यावरून वेग काढला. पण स्फोट व्हायच्या आधीच वेग सांगता येतो का? सरांनी गर्नी हे नाव सांगितलं पण समजावलं नाही.

येतो सांगता, आणि ते ज्या पद्धतीने जमलं ती मला फिजिक्समधल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. रोनाल्ड गर्नी हा इंग्लंडमध्ये जन्मलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. अणूच्या गाभ्यातून अल्फा कण बाहेर कसा निसटतो याचं क्वांटम स्पष्टीकरण १९२८ मध्ये त्याने एडवर्ड कॉन्डनबरोबर दिलं, त्याच वर्षी जॉर्ज गॅमोव्ह या भौतिकशास्त्रज्ञानेही ते स्वतंत्रपणे दिलं. नंतर नेव्हिल मॉट यांच्याबरोबर फोटोच्या फिल्मवर प्रकाशाने प्रतिमा कशी उमटते यावर काम केलं. असा स्फटिक आणि इलेक्ट्रॉनमध्ये रमलेला माणूस युद्धात अमेरिकेतल्या मेरीलँडच्या अॅबरडीन इथल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत येऊन पडला, आणि तिथे १९४३ मध्ये त्याने एक छोटा रिपोर्ट लिहिला. प्रश्न सरळ होता: धातूच्या कवचात स्फोटक आहे, ते फुटलं की कवचाचे तुकडे किती वेगाने निघतात?

खरं बघायला गेलं तर आत जे होतं ते भयंकर गुंतागुंतीचं आहे, काही मायक्रोसेकंदांत घन पदार्थाचा प्रचंड दाबाखालचा वायू होतो, आघाताच्या लाटा धातूतून इकडून तिकडे आपटत राहतात, धातू ताणतो, फाटतो. गर्नीने हे सगळं बाजूला ठेवलं आणि वाण्यासारखा जमाखर्च मांडला. जमा बाजूला स्फोटकातली ऊर्जा, खर्च बाजूला दोनच खाती, एक धातूची गतीची ऊर्जा आणि एक वायूची स्वतःची गतीची ऊर्जा. धातूचं खातं सोपं, सगळा धातू एकाच वेगाने बाहेर चाललाय. अडचण वायूची, कारण वायू मधे एका वेगाने आणि कडेला दुसऱ्याच वेगाने पळतोय.

इथे तुला भोगीच्या भाकरीकडे नेतो. आई तीळ लावलेला बाजरीचा गोळा परातीत थापायला घेते तेव्हा नीट बघ, अगदी मधला तीळ जागचा हलत नाही, कडेचा तीळ सगळ्यात जास्त सरकतो, आणि बरोबर निम्म्यावर असलेला तीळ कडेच्या निम्माच सरकतो. केंद्रापासून जेवढं अंतर तेवढ्या प्रमाणात सरकणं. गर्नी म्हणाला, वायूही असाच पसरतोय असं धरू. मधला वायू स्तब्ध, धातूला चिकटलेला वायू धातूच्याच वेगाने, आणि मधल्या प्रत्येक थराचा वेग अंतराच्या प्रमाणात. एवढं एक गृहीत धरलं की वायूची ऊर्जासुद्धा धातूच्याच वेगाच्या भाषेत लिहिता येते, म्हणजे अज्ञात एकच उरतं आणि समीकरणही एकच, झालं काम! कवच नळीसारखं असो, चेंडूसारखं असो की दोन पाट्यांचं सँडविच असो, फक्त वायूचा वाटा किती धरायचा तो आकडा बदलतो.

स्फोटकातली ऊर्जा मात्र पुस्तकातली जशीच्या तशी घेता येत नाही, कारण सगळीच्या सगळी काही गतीत उतरत नाही, थोडी वायूत उष्णता म्हणून राहतेच, म्हणून ती प्रयोगावरून ठरवतात आणि वेगाच्या रूपात लिहितात, त्याला गर्नी वेग म्हणतात. नेहमीच्या लष्करी स्फोटकांसाठी तो सेकंदाला दोन ते तीन किलोमीटरच्या दरम्यान येतो. प्रत्यक्षात धातूचा वेग यापेक्षा कमीच असतो कारण वजन ओढायचं असतं, पण तरी बऱ्याचदा बंदुकीच्या गोळीच्या वर. एवढ्या कच्च्या गृहीतावर उभं असलेलं हे गणित प्रयोगाशी साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर जुळतं, यावर माझा पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता, वहीत तीनदा मांडून बघितलं होतं.

यातून एक गोष्ट निघते ती सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेग ठरतो तो स्फोटक आणि धातू यांच्या प्रमाणावर, एकूण किती मोठं आहे त्यावर नाही. म्हणजे वस्तू लहान असली म्हणून तिचा तुकडा हळू निघेल असं अजिबात नाही. लहान वस्तूतून तुकडे कमी आणि हलके निघतील, पण वेग तोच.

पुण्याच्या एक वाचक, मेकॅनिकल शिकतायत, विचारतात: आता सिम्युलेशन सॉफ्टवेअर असताना १९४३ चं समीकरण कोण वापरतं? आणि तुकडे किती आणि केवढे होतील हेसुद्धा त्यातून कळतं का?

दुसऱ्याचं आधी सांगतो, नाही कळत. गर्नी फक्त वेग सांगतो. तुकड्यांचा प्रश्न त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मॉट यांनी घेतला, हो तेच फोटोफिल्मवाले मॉट, ज्यांना पुढे १९७७ मध्ये दुसऱ्याच कामासाठी नोबेल मिळालं. दोघे जुने सहकारी अटलांटिकच्या दोन बाजूंना एकाच प्रश्नाच्या दोन अर्ध्यांवर बसले होते. मॉट यांची कल्पना समजायला उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या गाळाला पडलेल्या भेगा आठवा. एक भेग पडली की तिच्या दोन्ही बाजूंचा ताण सुटतो, त्यामुळे तिच्या अगदी शेजारी दुसरी भेग पडत नाही, थोडं लांब पडते. फुगत चाललेल्या धातूच्या कड्यातही तसंच, जिथे फाटलं तिथून ताण सुटल्याची बातमी दोन्हीकडे धावत जाते आणि ती पोचायच्या आत दुसरीकडे कुठे फाटलं तर फाटलं. धातूतले कमजोर बिंदू कुठेही विखुरलेले असतात, म्हणून सगळे तुकडे सारखे येत नाहीत, बारीक खूप, मोठे थोडे.

आता सॉफ्टवेअरचं. आजच्या कोडमध्ये धातू आणि वायू दोन्हीचे लाखो कप्पे करतात आणि मायक्रोसेकंदाच्याही छोट्या हिश्श्यात पावलापावलाने पुढे जातात, प्रत्येक कप्प्यात वस्तुमान, संवेग, ऊर्जा जुळवत. पण वायू पसरताना त्याचा दाब कसा उतरतो हे त्या कोडला कुणीतरी सांगावं लागतं, ते जोन्स, विल्किन्स आणि ली यांच्या नावाच्या समीकरणातून येतं, आणि त्यातले आकडे येतात प्रयोगातून: तांब्याच्या नळीत स्फोटक भरून एका टोकाने पेटवायचं आणि भिंत कशी फुगते ते अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपायचं. अशी कामं अर्थातच खास प्रयोगशाळांत होतात, तुमच्याच पुण्यात सुतारवाडीला डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे.

आणि समीकरण वापरतात का? रोज वापरतात. सॉफ्टवेअर रंगीत चित्र नेहमीच देतं, चुकलेलं असलं तरी देतं. एखादं एकक चुकलं, एखादी सीमा चुकीची धरली, तरी स्क्रीनवर सगळं छान हलतं. तेव्हा आधी कागदावर दोन ओळींत गर्नीचं उत्तर काढायचं आणि मग कोडचं उत्तर त्याच्या आसपास आहे का बघायचं. तुम्ही कुठल्याही विषयात सिम्युलेशन करत असाल, पंप असो की पूल, मी तुम्हाला हात जोडून सांगेन की आधी कागद.

नागपूरजवळच्या एका कारखान्यात नोकरी करणारे वाचक विचारतात: आमच्याकडे स्फोटकांच्या गोदामाभोवती मातीचे उंच बांध घातलेत. स्फोटाची लाट तर वरून जाईल, मग बांधाचा उपयोग काय?

बरोबर ओळखलंत, लाटेला बांध फारसा अडवत नाही, ती त्यावरून वळून पुढे जाते. बांध असतो तुकड्यांसाठी. सगळ्यात वेगवान तुकडे जमिनीच्या जवळून जवळजवळ आडवे सुटतात आणि शेजारच्या गोदामात शिरून तिथला माल पेटवू शकतात, ते मातीत रुतून बसतात. वर सुटलेले तुकडे वळणाने खाली येतात तोवर हवेने त्यांचा बराच वेग खाल्लेला असतो. दोन गोदामांमधली, गोदाम आणि वस्ती यांच्यातली अंतरं ठरवताना लाट आणि तुकडे यांचा हिशेब वेगवेगळा करतात. लाटेचा नियम असा की सुरक्षित अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाप्रमाणे वाढतं, आठपट माल ठेवला तर अंतर दुप्पट, तुकड्यांना मात्र हा नियम लागू पडत नाही, थोड्या मालाचा तुकडाही लांब जातो. हे नियम राबवणाऱ्या केंद्र सरकारच्या पेसो या संस्थेचं मुख्यालय तुमच्या नागपुरातच आहे. एक कळकळीची विनंती, त्या बांधाची माती पावसाने खचली किंवा कुणी रस्त्यासाठी उकरली तर सुपरवायझरला लगेच सांगा, गप्प बसू नका.

सांगलीच्या एक ताई विचारतात: सोसायटीतली मुलं दिवाळीत सुतळी बॉम्बवर स्टीलचा ग्लास किंवा पत्र्याचा डबा उपडा ठेवतात. ओरडलं तर म्हणतात काकू, एवढासा तर बॉम्ब आहे. खरंच धोका आहे की मी उगाच घाबरते?

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात आणि ओरडणं अजिबात थांबवू नका. वर नाशिकच्या मित्राला सांगितलं तेच इथे लागू आहे, वस्तू लहान म्हणून वेग कमी असं नसतं. नुसता फटाका फुटला की कागद आणि सुतळीच्या चिंध्या उडतात, त्या हलक्या आणि मऊ, हवा त्यांना दोन-चार फुटांत थांबवते, भाजतं, कान बधिर होतात, ते वाईटच. पण त्यावर पत्रा ठेवला की तीच ऊर्जा धारदार, जड वस्तूला मिळते आणि हवा तिला लवकर थांबवू शकत नाही. ग्लास अख्खा उडाला तर कपाळावर, फाटला तर त्याची सुरीसारखी कड. आमच्या शेजारच्या एका मुलाच्या भुवईवर अशा डब्याची खूण आहे, अर्ध्या इंचाने डोळा वाचला. तो आता बत्तीस वर्षांचा आहे, दिवाळीत स्वतःच्या मुलीला गॅलरीत घेऊन उभा राहतो आणि खाली कुणी डबा आणलेला दिसला की तसाच चपला न घालता जिना उतरतो.

कुणाच्या डोळ्यात काही शिरलंच तर चोळू नका, रुतलेलं असेल तर ओढून काढू नका, पाण्याचा मारा करू नका, डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी कपासारखं काहीतरी उपडं धरून चिकटवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि धातू उडाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण डोळ्यात लोखंडाचा कण असण्याची शंका असेल तर एमआरआय करत नाहीत, चुंबकाने तो कण हलू शकतो.

चाकणचे एक फॅब्रिकेटर लिहितात: आमच्याकडे टायटॅनियमचा थर असलेली पोलादाची जाड प्लेट येते. जुने लोक म्हणतात हे स्फोटाने चिकटवतात. थट्टा करतात की खरं?

खरं आहे! आणि हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण गर्नीचं तेच गणित इथे काहीतरी जोडायला वापरतात. टायटॅनियम आणि पोलाद नेहमीसारखं वितळवून जोडायला गेलात तर मधे ठिसूळ संयुगं होतात आणि जोड तडकतो. म्हणून उघड्या माळावर पोलादाच्या प्लेटवर थोडी फट ठेवून टायटॅनियमचा पत्रा धरतात, त्यावर स्फोटकाचा थर, आणि तो एका बाजूने फुटत जातो तसा पत्रा खालच्या प्लेटवर सेकंदाला काहीशे मीटर वेगाने आपटत जातो. आपटण्याच्या वेगाला खालची आणि वरची मर्यादा असते, कमी पडला तर चिकटत नाही आणि जास्त झाला तर मधे वितळून ठिसूळ होतं, म्हणून तो आधी काढावाच लागतो, आणि तो काढायला गर्नी. आपटताना दोन्ही पृष्ठभागांवरची गंजाची, ऑक्साइडची पातळ पापुद्री फवाऱ्यासारखी पुढे उडून जाते आणि अगदी कोरा धातू कोऱ्या धातूला भिडतो. पहिल्या महायुद्धातच लोकांना दिसलं होतं की तोफगोळ्याचे तुकडे कधी कधी चिलखती पत्र्याला वेल्ड केल्यासारखे चिकटून बसतात, पण त्याचा धंदा व्हायला १९६० चं दशक उजाडलं. अमेरिकेने १९६५ मध्ये चांदी काढून तांब्या-निकेलच्या थरांची नाणी आणली तेव्हा त्यांच्या पट्ट्यांसाठीही सुरुवातीला हीच रीत वापरली गेली.

रासायनिक टाक्या बनवणाऱ्या एका मित्राने अशा प्लेटचा काडेपेटीएवढा तुकडा मला दिलाय, लिहिताना कागद उडू नये म्हणून तो इथेच टेबलावर असतो. कड पॉलिश केलेली आहे. वर फिकट करडं टायटॅनियम, खाली जरा गडद पोलाद, आणि दोघांच्या मधली रेषा सरळ नाहीये, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटतात ना तशा एकसारख्या बारीक लाटांची आहे, भिंग धरलं की प्रत्येक लाटेचा शेंडा थोडा पुढे वाकलेला दिसतो. पुढच्या वेळी प्लेट आली की कटिंगनंतरची कड घासून, थोडं अॅसिड लावून भिंगातून बघा, आणि दिसलं की मला फोटो पाठवा.